गुलाबी गाठ

आज तासगावात मामांच्या रानात सोयाबीनचं एक रोप उपटलं. मुळांवर गाठीच गाठी. नखानं एक फोडली, आत गुलाबी! म्हणजे रायझोबियम जिवाणू कामाला लागलेत, हवेतला नत्र पिकाला फुकटात मिळतोय. शेजारच्या द्राक्षबागेत भुरी, ती बुरशी. हळदीची कंदकूज रोखायला मामा शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळतात, तीसुद्धा बुरशीच. घ्या आता!

घरी आलो तर मामी गजकर्णावर मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब चोळत बसलेल्या. त्यानं खाज तेवढी दबते, बुरशी पसरतच राहते. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, हिच्यावर नाही. मामींना पटेना, "चार दिवस बरं वाटलं की रे!" शेवटी उद्या सांगलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलंय.