आठवी ‘ब’ आणि वाकलेला पंखा

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत पर्यवेक्षक आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरची ही घटना आहे. मधल्या सुट्टीत आठवी ‘ब’च्या वर्गातील पंख्याची पाती कोणीतरी वाकवली. विचारून कोणी नाव सांगेना, तेव्हा ते कळेपर्यंत सगळ्या वर्गाने मैदानात उभे राहावे, असा मुख्याध्यापकांचा आदेश निघाला.

खरे तर सुट्टी संपल्याची घंटा होताच वर्गाची मॉनिटर ‘सर, शाळा सुटल्यावर तुमच्याशी बोलायचंय’ असे मला सांगून गेली होती आणि ती काय सांगणार याचा मला अंदाज आला होता. उन्हात उभे राहिल्यावर मात्र तीच मुलगी मान खाली घालून ‘मला काही माहीत नाही’ म्हणाली. ज्या मुलाच्या दांडगाईला अर्धा वर्ग कंटाळला होता, त्याच्याकडे रांगेतून पाण्याची बाटली सरकवली जात असल्याचे मी पाहिले. न केलेल्या गोष्टीची शिक्षा वाट्याला येताच शिस्तीत वागणारी मुलेही करणाऱ्याच्या बाजूला गेली आणि पंख्याच्या नुकसानीचा विषय मागे पडून ‘आम्ही विरुद्ध सर’ एवढेच उरले.

शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासालाही मनाई करते आणि तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, याकडे मी मुख्याध्यापकांचे लक्ष वेधले, तेव्हा मुले वर्गात परतली. शिक्षककक्षात ‘छडी होती तेव्हा मुलं सरळ होती’ हे वाक्य नेहमीप्रमाणे ऐकायला मिळाले. (छडीला घाबरून ज्यांनी शाळाच सोडली, ते साक्ष द्यायला शिक्षककक्षात कधीच नसतात.)

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला एकट्याला बोलावले. मार बसणार नाही आणि दाखला हाती मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट करून, पंखा दुरुस्त कसा करायचा एवढेच विचारले. थोडा वेळ गप्प राहून त्याने कबुली दिली. त्याच्या काकांना बोलावून खर्चाचे ठरवले आणि शाळा सुटल्यावर वायरमन नवी पाती बसवत असताना तो खाली स्टूल धरून उभा राहिला. त्याच्याबाबतीत प्रश्न तिथेच मिटला.

वर्गाचे मात्र तसे झाले नाही. मॉनिटरने पद सोडले, दुसरे कोणी ते घ्यायला तयार होईना आणि पूर्वी बारीकसारीक तक्रारी घेऊन येणारी मुले कित्येक आठवडे वर्गशिक्षिकेशी कामापुरतेच बोलत होती. अखेर बाईंनी वर्गाचे नियम मुलांनाच लिहायला सांगितले. ‘एकाने केलं तर सगळ्यांना शिक्षा नको’ हा त्यांचा पहिला नियम होता. त्यावर मुख्याध्यापकांची सही हवी, असा मुलांचा हट्ट होता. थोडी कुरकुर करून त्यांनी ती केली आणि त्यानंतरच मॉनिटरच्या निवडीसाठी हात वर झाले.