बालमनोविकारतज्ज्ञ होताना : वेळ मिळतो, डोकं रिकामं होत नाही

मुंबईत मेडिसिनच्या वॉर्डात इंटर्नशिप केलेल्या माणसाला इंग्लंडमधल्या चाइल्ड सायकियाट्रीचं वेळापत्रक दाखवलं, तर त्याचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नव्हता. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आठवड्यातून एक तास फक्त कन्सल्टंटबरोबर, म्हणजे आमच्या वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरबरोबर, बसून बोलायला राखलेला, आणि एक अख्खा दिवस 'स्पेशल इंटरेस्ट'साठी, म्हणजे आपल्या आवडीचं काही शिकायला. आई फोनवर म्हणाली, "अगं, ही तर बँकेतली नोकरी झाली!" नवऱ्याने लगेच बॅडमिंटनच्या क्लबात दोघांची नावं घातली. त्या क्लबात मी किती वेळा गेले हे विचारू नका.

इथपर्यंतचा रस्ता थोडक्यात सांगते. एमबीबीएसनंतर प्लॅब (बाहेरून आलेल्या डॉक्टरांसाठीची ब्रिटनची पात्रता परीक्षा), मग सायकियाट्रीचं तीन वर्षांचं कोअर ट्रेनिंग, त्यातच एमआरसीसायक या मनोविकारतज्ज्ञांच्या परीक्षेचे दोन लेखी पेपर आणि कॅस्क ही प्रात्यक्षिक परीक्षा. त्यानंतर लहान मुलांच्या शाखेत आणखी तीन वर्षं, एसटी-४ ते एसटी-६, म्हणजे स्पेशालिटी ट्रेनिंगचं चौथं ते सहावं वर्ष. मी सध्या या शेवटच्या टप्प्यात, मिडलँड्समधल्या (इंग्लंडचा मधला भाग) एका कम्युनिटी टीममध्ये, म्हणजे हॉस्पिटलबाहेर मुलांना बघणाऱ्या टीममध्ये, आहे. परीक्षांचे दिवस वाईट गेले, पण ते सगळ्यांचेच तसे जातात.

नवीन मूल आलं की दीड तास लागतो. आधी सगळ्यांशी, मग मुलाशी एकट्याने, मग पालकांशी. एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) क्लिनिकात मिथिलफेनिडेट ही त्यावरची गोळी चालू असलेल्या मुलांची उंची, वजन, नाडी, रक्तदाब बघायचा आणि ग्रोथ चार्टवर ठिपका द्यायचा. या गोळीने भूक मरते. ठिपके खालच्या रेषेकडे सरकायला लागले की शाळेतून डबा तसाच परत येतो का, रात्री उशिरा भूक लागते का, सुट्टीत गोळी बंद ठेवायची का, अशी चर्चा सुरू होते. मला हा भाग मनापासून आवडतो. मूल जेवत नाही म्हटलं की आईचा चेहरा बर्मिंगहॅममध्येही पुण्यासारखाच पडतो.

वेळ खातं ते पत्र. जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, जाणारं पत्र पालकांनाही जातं, आणि चौदा वर्षांची मुलगी ते स्वतः वाचते. "पेशंट सहकार्य करत नव्हती" असं आपण तिकडे सर्रास लिहायचो. इथे ते वाचून ती पुढच्या वेळी येईल का, याचा विचार करत "आज तिला फारसं बोलावंसं वाटलं नाही" असं लिहावं लागतं. एका पत्राला पाऊण तास सहज जातो. दिवसाला चार मुलं पाहिली तर पाचनंतर पत्रांचा ढीग उरतो, आणि सहाला आमची नर्सरी बंद होते. उशीर झाला तर दंड, शिवाय तिथल्या मावशींचं ते शांत हसू. लॅपटॉप घरी आणावा असं वाटतं, पण एकदा तो जेवणाच्या टेबलावर आला की उठत नाही. मी सेक्रेटरीला सांगून डायरीतली शेवटची अपॉइंटमेंट साडेतीनला ठेवली. त्यानंतरचा वेळ पत्रांचा. यासाठी परवानगी लागते असं मला वाटत होतं. कन्सल्टंटनी फक्त "ऑफ कोर्स" म्हटलं आणि चहा प्यायल्या.

या शाखेचं वर्ष शाळेच्या घंटेवर चालतं. ऑगस्टमध्ये शाळा बंद, तेव्हा रेफरल, म्हणजे आमच्याकडे पाठवली जाणारी नवी मुलं, कमी. सप्टेंबरात शाळा उघडते आणि थोड्याच दिवसांत शाळेत न जाणारी, पोट दुखणारी, वर्गात खुर्च्या फेकणारी मुलं येऊ लागतात. मे-जूनमध्ये जीसीएसई आणि ए-लेव्हलच्या (आपल्या दहावी-बारावीसारख्या) परीक्षा, म्हणजे झोप उडालेली मुलं. शिवाय ट्रेनींच्या बदल्या होतात ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी. त्यामुळे भारतात कधी जायचं हे माझ्याकडे ठरत नाही. वर्षाला २७ दिवस रजा, पाच वर्षांनंतर ३२. ऐकायला भरपूर, पण ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मे अखेरच्या हाफ-टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या शाळेच्या सुट्टीला, टीममधल्या प्रत्येक आई-बापाला तोच आठवडा हवा असतो. आणि गणपती सप्टेंबरात पडले की ते व्हिडिओ कॉलवरच.

ऑन-कॉल घरूनच असतो. फोन बऱ्याचदा वाजत नाही, पण तो वाजू शकतो म्हणून झोप अर्धीच लागते. कधी पोलिसांनी सेक्शन १३६ खाली (मानसिक आरोग्य कायद्याचं कलम) आणलेला सोळा वर्षांचा मुलगा असतो. त्याची तपासणी २४ तासांत उरकायची असते. कधी बालरोग वॉर्डातला फोन. एका रविवारी असाच गेले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पंधरा वर्षांची मुलगी, आदल्या रात्री स्वतःला इजा करून घेतलेली. मनगटावरचा हॉस्पिटलचा पट्टा नखाने सोलत बसली होती. पहिला अर्धा तास खांदे उडवण्यापलीकडे काही नाही. मग म्हणाली, "टोस्ट मिळेल का?" नर्सने टोस्ट आणला, आणि खाता खाता ती बोलायला लागली. काय होईल असं वाटलं होतं, कुणी बघितलं, आज घरी गेलीस तर काय वेगळं असेल, हे सगळं टोस्टच्या दोन तुकड्यांत निघालं. मग आईबरोबर बसून घरातली औषधं कुलपात कशी ठेवायची, रात्री कुणाला उठवायचं, शाळेत कुणाला सांगायचं हे कागदावर लिहून दिलं.

दुपारी तीनला मी घरी. रविवार अजून उरलेला. पण कोथिंबीर निवडताना डोक्यात एकच : त्या माउलीने कपाटाला कुलूप लावलं असेल ना? तासांचा हिशेब मांडणाऱ्यांना हा भाग दिसत नाही. आमचे तास खरोखरच कमी आहेत, त्याबद्दल सर्जरीतल्या मैत्रिणींनी मला जरूर शिव्या द्याव्यात. पण ऑपरेशन संपतं. हे संपलं की नाही हे कळतच नाही.

तो राखीव एक तास यासाठी असतो हे मला उशिरा उमगलं. आधी मी त्यात औषधांचे डोस विचारायचे. आमच्या कन्सल्टंट (त्यांना नुसत्या नावाने हाक मारायला मला सहा महिने लागले) एकच प्रश्न विचारतात : "या आठवड्यात तुझ्याबरोबर घरी कोण आलं?" म्हणजे कुठलं मूल डोक्यातून गेलं नाही. नाव सांगायचं, का ते शोधायचं. दर वेळी उपयोग होतो असं नाही, पण बहुतेक वेळा होतो.

दुसरा धोका घरातच होता. माझा चार वर्षांचा मुलगा गाड्या एका ओळीत लावायचा, आणि मी त्या ओळीकडे ऑटिझमच्या निकषांसकट बघायचे. नवरा म्हणाला, "अगं, पार्किंग आहे ते. तिकीट फाड आणि चल." त्याच सुमारास मी माझ्या स्पेशल इंटरेस्टमध्ये इन्फंट ऑब्झर्वेशन घेतलं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये मनोविश्लेषक एस्थर बिक यांनी १९४८ मध्ये सुरू केलेली ही पद्धत. दर आठवड्याला एका घरी जायचं आणि तासभर त्यांचं तान्हं बाळ फक्त बघायचं. वही नाही, सल्ला नाही, निदान नाही. नंतर आठवून लिहायचं. पहिल्या काही आठवड्यांत मला घड्याळच जास्त दिसलं. मग एकदा बाळाने पडद्यावरच्या उन्हाकडे हात नेला, थांबलं, आपल्याच बोटांकडे बघत बसलं, आणि तास कुठे गेला कळलं नाही. घरच्या पार्किंगमध्ये हल्ली मीही एखादी गाडी लावते.

यंदा मी ८० टक्के ट्रेनिंग घेतलं, शुक्रवार सुट्टी. त्याचं गणित असं : तीन वर्षांची पावणेचार होतात, पगार ८० टक्के, वर एक हजार पौंड वार्षिक भत्ता, ऑन-कॉलही त्याच प्रमाणात कमी. सासऱ्यांनी विचारलं, "मग कन्सल्टंट व्हायला लांबणार?" हो, लांबणार. माझं मत विचाराल तर घ्यावं, पण एका अटीवर : दिवसाबरोबर पेशंटची यादीही कमी करून घ्यायची. नाहीतर पाच दिवसांचं काम चार दिवसांत होतं आणि पगार तेवढा घटतो. ते पहिल्याच मीटिंगमध्ये लेखी घ्या. आणि गाडी शिका. शाळा, घरं, हॉस्पिटलं लांबलांब असतात. भारतीय लायसन्सवर इथे फक्त १२ महिने गाडी चालवता येते.

शुक्रवार आराम करण्यात जातो असं समजू नका. धुणं, दातांचा डॉक्टर, भारतातले फोन. तरी तो माझा.

सप्टेंबरपासून मुलगा शाळेत जाणार. नर्सरी सहापर्यंत होती, शाळा सव्वातीनला सुटते, आणि माझी शेवटची अपॉइंटमेंट साडेतीनची. शाळेनंतरच्या क्लबात जागा नाही. आमचं नाव वेटिंग लिस्टवर आहे. किती महिने लागतील विचारलं, तर तिथल्या बाईंनी अगदी त्याच सुरात उत्तर दिलं, ज्या सुरात मी रोज पालकांना देते.