दुधी अखेर धरला: चूक वेळेची होती

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे सामाईक गच्चीवरचा दुधीचा वेल मांडवभर पसरला होता, परंतु एकही फळ बोटभर लांबीच्या पुढे जात नव्हते. सलग १४ कोवळी फळे गळल्यानंतर आज पहिला दुधी काढला आणि तीन घरांत वाटून घेतला.

प्रथम माझा संशय फळमाशीवर होता, म्हणून क्यू-ल्युअरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगला. त्यात माश्या अडकल्या, तरी गळ थांबली नाही. गळलेली फळे चिरून पाहिली, तेव्हा आत अळी नव्हती आणि सालीवर डंखाचा डागही नव्हता. प्रत्येक फळ फुलाच्या बाजूने पिवळे पडून आकसले होते. हे परागीभवन न झाल्याचे लक्षण आहे, आणि नेमके तेच मला पटत नव्हते, कारण काकडीबरोबर दुधीचेही हाताने परागीभवन मी रोज सकाळी नऊच्या सुमारास न चुकता करत होते. काकडी धरत होती, दुधी मात्र गळत होता.

दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, रात्रभर उघडे राहते आणि सकाळी मिटू लागते. त्याचे परागीभवन मुख्यतः निशाचर पतंग करतात. काकडीची वेळ मी दुधीला लावली होती. (दोडकाही संध्याकाळचाच, घोसाळे मात्र पहाटे उमलते.) त्यानंतर सूर्यास्ताच्या सुमारास ताजे नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवू लागले, आणि पाचपैकी चार फळे धरली. त्यांतले पहिले फळ १३ दिवसांत काढणीला आले. रंगकामाचा ब्रश वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बराचसा पराग त्याच्या केसांतच अडकून राहतो.

वाटण्यापूर्वी चकती कापून जिभेला लावून पाहिली. दुधी कडू लागला, तर तो पूर्ण टाकून द्यावा. शिजवल्याने त्यातला अपाय जात नाही.

आता अडचण नर फुलांची आहे. थ्रीजी कटिंगनंतर (मुख्य वेलाचा आणि मग त्याच्या फांद्यांचा शेंडा खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या फुटू देणे) बाजूच्या फांद्यांवर मादी कळ्या भरपूर आल्या, परंतु त्याच संध्याकाळी नर फूल उमललेले असेलच असे नाही. उरलेली सहा रोपे एकाच दिवशी वाटून टाकण्याचा माझा बेत होता, पण हे लिहिताना तो बदलावासा वाटतो. दोनच रोपे आता द्यावीत आणि इतर घरांनी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने नवे बी लावावे, म्हणजे कोणत्या ना कोणत्या वेलावर नर फूल मिळेल आणि भाजीबरोबर फुलांचीही देवाणघेवाण होईल. नव्या रोपांसाठी जाड ग्रो बॅगच घ्याव्यात. पातळ पिशव्या भरून उचलताना शिवणीतच उसवतात.

उद्या संध्याकाळी माझ्या वेलावर तीन मादी फुले उमलतील आणि नर कळी एकच आहे. पलीकडच्या इमारतीत विचारून आले. तिथल्या वेलावर दोन आहेत.