झडीच्या दिवसांतली पडवीतली कामं

लावणी आटपली की पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस माणसाला घरात बसवतो. पडवीत करण्यासारखी कामं तेव्हा ढिगाने असतात, पण कुठलंही हातात घेण्याआधी एक बघायचं: या कामाला ओल चालते का? जुलैत आपल्याकडे कोकणात हवेची आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास असते. लाकूड फुगतं, मीठ पाझरतं, लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. हे लक्षात न घेता घट्ट बसवलेली वस्तू दिवाळीच्या उन्हात सैल पडते.

खराट्याचंच बघा (सिंधुदुर्गात वाडवण). वाऱ्याने पडलेली नारळाची चुडतं (झावळ्या) पडवीत ओढून ठेवायची. पूर्ण वाळलेली पात हिराला (पातीच्या मधल्या काडीला) चिकटून तुकड्यातुकड्यांनी निघते, म्हणून अर्धवट हिरवी असतानाच सोलावी. पातीचं बूड धरायचं, हिराच्या एका कडेने सुरी टेकवून शेंड्यापर्यंत ओढायची, मग दुसरी कड. शेवटी सुरी जरा आडवी धरून हीर निपटायचा. राहिलेल्या पातीच्या चिंध्या ओल धरतात आणि तिथूनच बुरशी सुरू होते. एका चुडताला दोनशेच्या वर पाती असतात, पण बुडाच्या आणि शेंड्याच्या आखूड जातात. अंगणाच्या दणकट खराट्याला तीन चुडतं धरा.

इथे घाई नडते. सोललेले हीर लगेच बांधले तर जुडी मुठीत छान घट्ट लागते, आणि ऑक्टोबरात झाडताना एकेक काडी गळायला लागते, कारण प्रत्येक हीर सुकून बारीक झालेला असतो. चुलीच्या वर, ज्वाळेपासून दोन-तीन हात उंच, चार-पाच दिवस टांगा. वाकवून सोडल्यावर हीर ताडकन सरळ झाला की सुकला. मग जुडी बुडाकडून जमिनीवर आपटून सारखी करायची, बुडापासून चार बोटांवर नायलॉनच्या दोरीचा पहिला बंध, आणखी चार बोटांवर दुसरा. बुडाच्या बरोबर मधोमध बांबूची पाचर ठोकायची. सगळी पकड त्या पाचरीची असते. पुढे सैल वाटलं तर बंध सोडायचा नाही, पाचर आणखी आत ठोकायची.

कोयत्याचा दांडाही असाच फसवतो. पावसात तो आपोआप घट्ट होतो आणि दुरुस्ती टळली असं वाटतं. नवीन दांडा घालायचा तर तासलेलं लाकूड आधी चुलीजवळ किमान पंधरा दिवस ठेवा. धार मात्र आत्ताच लावून घ्यावी. गंज राख आणि चिंचेने घासून काढा, पातं धुऊन लगेच पुसा. कानस फक्त धारेला खाच पडली असेल तरच, एरवी ओला दगड पुरे. पातं 5 सेंमी रुंद असेल तर पाठ दगडापासून दीड ते पावणेदोन सेंमी वर राहावी. त्याहून आडवं धरलं तर धार गवताला झकास, पण नारळाच्या सोडणावर (वरच्या जाड सालीवर) दुमडते. पलीकडच्या बाजूला नखाला खरखर लागली की बाजू बदलायची. ग्राइंडर शक्यतो नकोच. ठिणग्या उडता उडता धार निळी पडली, तर लोहाराने दिलेलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं म्हणून समजा, ती धार पुन्हा टिकत नाही. शेवटी खोबरेलाचा हात फिरवून कोयता कोरड्या जागी टांगा, गोणपाटात गुंडाळू नका.

आमसुलांची बरणी झडीत एकदा तरी उघडून बघायलाच हवी. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, म्हणून आमसुलं चिकट होतात. त्यात बिघडलेलं काही नाही. पांढरं दिसलं तर दोन थेंब पाणी टाका. मिठाची साय असेल तर विरघळून जाईल. तंतू राहिले, हिरवट झाक दिसली किंवा कुबट वास आला तर ती बुरशी, ती आमसुलं काढून टाकायची. वरची दोन-चार खराब निघाली तर तळापर्यंत सगळी बघा. बरणी चिनीमातीची किंवा काचेची हवी, कारण आंबट आणि खारट मिळून पत्र्याचं झाकण खातं. हात आणि चमचा कोरडा, हे सांगायलाच नको.

सुंभ वळायला मात्र याहून चांगले दिवस नाहीत. पागोळीखालच्या पिंपात सोडणं दगडाखाली आठ-दहा दिवस बुडवून ठेवायची, मग लाकडी दांड्याने बडवायची. भुसा झडतो, काथ्या उरतो. ताजा भुसा रोपांच्या मुळाशी घालू नका, आधी पावसाने नीट धुऊ द्या. काथ्या ओलसर असतानाच दोन पेड एकाच दिशेने पिळायचे आणि एकमेकांवर उलट्या दिशेने गुंफायचे. पेड बारीक व्हायच्या आधी नवे तंतू घालावे, पण दोन्ही पेडांत एकाच जागी नको. सुंभ तुटतो तो तिथेच.

उरलेलं भेंडी, दोडकी, तवशाचं (मोठ्या काकडीचं) बी पुढच्या मृगासाठी ठेवायचं असेल तर नुसती बंद बाटली पुरत नाही, कारण आतली हवाही दमटच असते. बियांच्या वजनाइतके तांदूळ तपकिरी होईपर्यंत भाजा, झाकून गार करा, फडक्यात बांधून बियांबरोबर बाटलीत ठेवा. ते ओल शोषतात. पंधरा दिवसांनी तांदूळ बदला. गरम तांदूळ मात्र घालू नका, बी भाजेल.

फणसाच्या आठळ्यांना हा उपाय चालत नाही. त्या पार सुकल्या की दगडासारख्या होतात आणि ओलीत कुजतात किंवा मोड काढतात. मडक्यात कोरड्या वाळूचा थर, त्यावर आठळ्या एकमेकींना न लागतील अशा, पुन्हा वाळू. आठवड्याने एकदा हात घालून बघायचं आणि मऊ पडलेली त्याच दिवशी भाजीत घालायची.