सुरतेच्या डच कबरीपाशी कोंकणी

जुन्या वास्तूंची मोजमापं घेऊन नकाशे काढणं हे माझं काम. सुरतेला कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज आणि डच कबरींवर आम्ही काम करत होतो. ख्रिस्ती दफनभूमी म्हणून क्रूस शोधत येणारा इथे चक्रावतो. समोर घुमट, कमानी, खांबांचे सज्जे; लांबून सगळे मोगली मकबरेच वाटतात.

सकाळ ऑक्झेंडन बंधूंच्या दुमजली स्मारकात गेली. 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा तो जॉर्ज. तो 1669 मध्ये इथेच वारला. मला मात्र दहा वर्षं आधी गेलेल्या ख्रिस्तोफरचा लॅटिन मृत्युलेख जास्त भिडतो. तो चक्क हिशेबाच्या भाषेत आहे. खात्यात त्याला वर्षं नाही, नुसते दिवस मांडता आले, कारण मृत्यूने अचानक हिशेब मागितला. धन्यांनी चाकर गमावला, आम्ही सोबती, त्याने प्राण. तरी मरण हा आपला नफाच, असं तो लिहू शकेल. परमुलखात मेलेल्या व्यापाऱ्याला बरोबरीच्या माणसांनी दिलेला इतका खरा निरोप मी दुसरीकडे वाचलेला नाही.

दुपारी डच बाजूला गेलो. हेन्ड्रिक फान रीडेची अष्टकोनी कबर प्रचंड आहे. इंग्रजांवर ताण करायलाच डचांनी ती बांधली, असं म्हणतात. 1691 च्या डिसेंबरात सुरतेकडे येताना मुंबईजवळ जहाजावर तो गेला. मलबारात डचांचा अधिकारी असताना त्याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा वनस्पतींचा बारा खंडी ग्रंथ सिद्ध करवला.

टेप धरून उभ्या असलेल्या आमच्या मडगावच्या सहकारी मुलीला मी सांगितलं, की या कामात इट्टी अच्युतन वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीचे तीन कोंकणी ब्राह्मण होते. त्यांचं 1675 चं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलंय, नागरी लिपीत. तिने टेप खाली ठेवला, फोनवर ते पान शोधलं आणि अडखळत मोठ्याने वाचू लागली. “सर, ही तर आमची कोंकणी!” गोव्यातून परागंदा झालेल्यांच्या वंशजांची भाषा साडेतीनशे वर्षांनी तिला ओळखू येत होती. मोजमाप तासभर थांबलं, आणि मी ते थांबू दिलं.

अहवालात मी नकाशांसोबत एक शिफारस जोडली: कबरीजवळ माहितीफलक लागेल तेव्हा त्यावर अच्युतन वैद्य आणि त्या तिघांची नावं फान रीडेइतक्याच मोठ्या अक्षरांत असावीत.