खालच्या पट्टीतला हरिपाठ

यंदा निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर चाललो आणि पूर्ण वाटभर डोक्यात सर होते. जानेवारीत गेले. आमच्या तालुक्याच्या गावात हायस्कूलला संगीत शिकवायचे, रविवारी चर्चमध्ये पेटीवर बसून उपासनेची गीतं सुरू करायचे, आणि आमच्या दिंडीतल्या निम्म्या पोरांना सूर म्हणजे काय ते त्यांनीच शिकवलं. त्र्यंबक, सातपूर, पळसे, सिन्नर, दातलीचं रिंगण हे सगळं कसं मागे पडलं ते आता नीट आठवतही नाही. कुठल्या मुक्कामाला पिठलं होतं आणि कुठे तंबू गळला त्याची गल्लत होते.

राहुरीत मात्र जरा थांबल्यासारखं झालं. कवी ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या गावात राहिलेले, सरांना त्याचं फार अप्रूप. टिळकांचा १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि पुढे आयुष्यभर ते मराठीत, अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्तावर लिहीत राहिले, चर्चच्या 'उपासना संगीत'मध्ये त्यांची कितीतरी गीतं आहेत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणायचे, आणि सर हे वाक्य सांगून झालं की पुढे म्हणायचे, पूल काय एका बाजूनेच ओलांडायचा असतो का रे. मग पेटी ओढायचे.

नगर सोडलं, साकत गेलं, घोगरगाव गेलं. मिरजगावच्या वाटेवर डाव्या टाचेचा फोड पार ठणकायला लागला. मृग कोरडा गेलेला, सोलापूर रोडचं डांबर तापलेलं, सावलीला झाड नाही, शेजारून ट्रक जातायत आणि प्रत्येक ट्रकबरोबर तोंडात धूळ. त्यात आमच्या दिंडीत यंदा नवीन भोंगा आलाय. पुढे म्हणणारे बुवा तयारीचे आहेत, गळा चांगला आहे, पण पट्टी धरतात ती काळी पाच, म्हणजे पार वरची, आणि वर भोंगा, मागच्या बायांचे टाळ वाजतायत पण तोंडं बंद. मला इतका राग येत होता ना त्या दुपारी! पायाचा राग, उन्हाचा राग, मागून माउली माउली करत ढकलणाऱ्यांचा राग. एवढ्या बाया तुळस डोक्यावर घेऊन चालतायत आणि त्यांना नुसतं ऐकायला लावायचं? वारीत ऐकायला कोण येतं? म्हणायलाच येतात ना सगळे?

शेवटी दिंडी पुढे जाऊ दिली आणि कडेला एका वस्तीसमोर दगडावर टेकलो. चप्पल काढेपर्यंत एक आजी आली, "आवो माउली, आसा पाय घिऊन कुठवर जाताय, या आत." मी नको नको म्हणत होतो, तिने ऐकलंच नाही. पडवीत बसवलं, सुनेला पाणी तापवायला सांगितलं, त्यात मूठभर मीठ टाकून पाय घमेल्यात सोडायला लावला. दूध डेअरीला गेलं होतं म्हणून सुनेने कोरा चहा दिला, गूळ घालून. मग आजीने सुई चिमणीच्या ज्योतीवर धरली, दोरा ओवला, आणि फोडाच्या या बाजूने त्या बाजूला काढून दोरा तसाच आत ठेवला, पाणी आपोआप झिरपतं म्हणे. वर तेलात कालवलेली हळद. तिला नीट दिसत नव्हतं, पण पहिल्याच खेपेला सुई बरोबर गेली. हात इतका हलका की मला कळलंही नाही. आणि एवढं सगळं करून झाल्यावर ती माझ्याच पाया पडली, मी पाय मागे घेतला तर रागावली, वारकऱ्याच्या पाया पडू द्यायचं असतं म्हणून.

रस्त्यावरून पुढची दिंडी चालली होती. आजी कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "मला समदा हरिपाठ येतो बरं का, पर तुमचे लोक लई वर घेत्यात, आमच्या गळ्यात मावत न्हाय."

हे ऐकलं आणि मला एकदम रडूच आलं. आजीला वाटलं टाच दुखली.

सर चर्चमध्ये गीत सुरू करायच्या आधी शेवटच्या बाकाकडे बघायचे. तिथे मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई बसायची. पहिली ओळ झाली की तिचे ओठ हलतायत का बघायचं, नसतील हलत तर दुसऱ्या कडव्याला सर सरळ पट्टी उतरवायचे. पेटीवर काळी चार सोडून काळी दोनवर यायचे, तबलेवाला चडफडायचा, त्याला पुन्हा ठोकाठोक. पाळकसाहेब एकदा म्हणाले की तुमचा आवाज वर किती छान लागतो, मग खाली का घेता. सर म्हणाले, माझा लागतो, मंडळीचा नाही लागत. आम्ही गंधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षेचं शिकायला जायचो, प्रवेशिका पूर्णपर्यंत आणलं त्यांनी मला. परीक्षेला सगळ्यांना एसटीने नगरला न्यायचे, पेटी मांडीवर घेऊन बसायचे, हादरे बसून सुरांना काही होऊ नये म्हणून. तिथे तान, आलाप सगळं करून घ्यायचे. पण बाहेर चारचौघांत म्हणायचं तर पट्टी सगळ्यांची, यात कधी तडजोड नाही.

त्यांचे आजोबा गावात हलगी वाजवायचे. देवळाच्या बाहेर. पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यावर. त्याच्या आधी आजोबा पायी पंढरीला गेले होते आणि चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकवून महाद्वारातूनच परत आले होते. पुढच्या पिढीत घर ख्रिस्ती झालं. सर हे सगळं न चिडता सांगायचे, मला मात्र ऐकताना खाली बघावंसं वाटायचं. दिंडीतल्या पोरांना शिकवायला लागले तेव्हा मंडळीतले काही नाराज झाले, की विठ्ठलाचे अभंग कशाला, आणि आमच्यातलेही काही म्हणाले की ख्रिस्ती माणसाकडे कशाला शिकता. सरांनी कोणालाच उत्तर दिलं नाही, दर वर्षी आमची गाडी त्र्यंबकला निघायची तेव्हा स्टँडवर खडीसाखरेची पुडी घेऊन उभे असायचे आणि सांगायचे, गळा सांभाळा, पहिल्याच दिवशी ओरडू नका.

त्या संध्याकाळी मिरजगावात पाऊस आला, चांगला झोडपला. पखवाज सादळले. पखवाजवाले काका गट्टे ठोकून ठोकून दमले, पण शाईचा सूर काही वर चढेना. बुवांचा घसा दुपारपासून बसलेला. विणेकरी माझ्याकडे बघून म्हणाले, तू घे आज. मी काळी दोनवर घेतला हरिपाठ. काका पुटपुटले, इतका खाली? मग त्यांनी पण पखवाज तिथेच लावून घेतला. पहिल्या अभंगाला नुसते टाळ होते, दुसऱ्याला मागून एक आवाज आला, मग चार, आणि मग तंबूच्या कडेला भिजलेल्या लुगड्यांत बसलेल्या सगळ्या बाया म्हणायला लागल्या, ट्रकचा ड्रायव्हर म्हणायला लागला, स्वयंपाकाच्या मावशी पोळपाट सोडून दारात आल्या. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी बुवांचा घसा सुटला आणि पुन्हा काळी पाच, पुन्हा भोंगा. रात्री त्यांच्याशी बोललो, वाद झाला, थोडा जोरातच झाला. पण कर्जतच्या पुढे ते हरिपाठाला खाली यायला लागले, चालताना नाही, निदान मुक्कामाला तरी. जेऊर, कंदर, करकंब, आणि मग पंढरपूर. गर्दीत पदस्पर्श जमला नाही, कळसाला हात जोडले. चोखोबांच्या समाधीपाशी मात्र कितीतरी वेळ बसलो, सरांच्या घरचं तिथपर्यंतच पोचलं होतं आणि मला तिथून पुढे जावंसं वाटेना. कोणीतरी माउली सरका म्हणालं तेव्हा उठलो.

बाहेर येऊन काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, फोन लावला. त्यांनी आधी टाचेचं विचारलं, मग मिरजगावचं सगळं सांगायला लावलं, पट्टी कुठली, पखवाज कोण, बायांनी म्हटलं का. मग म्हणाल्या, इकडे रविवारी पेटीवर बसायला कोणी नाही रे, मंडळी मोबाईलवर ट्रॅक लावून गातेय, म्हाताऱ्या नुसत्या उभ्या असतात. मी म्हणालो, परत आलो की येतो बसायला. पाळकसाहेबांना विचारून त्यांनी लगेच कळवलं, या म्हणतायत. सुरुवातीची दोन्ही गीतं टिळकांचीच घ्यायची असं ठरलंय, आणि पेटीचा भाता फाटलाय तो तेवढा आधी नगरला नेऊन दुरुस्त करून आणायचाय.