फळ्यावरच्या पायऱ्या

आठवी ‘ब’च्या फळ्याचा खालचा उजवा कोपरा उडालेला होता. तिथं खडू उमटत नसे, म्हणून आमचे नागरिकशास्त्राचे सर काहीही काढायचं झालं की डाव्या बाजूनं सुरुवात करत. 1977 च्या फेब्रुवारीत त्यांनी तिथून एक जिना काढायला घेतला. खालच्या पायरीवर लिहिलं ‘नगरपालिका’, मग ‘विधानसभा’, ‘मंत्री’, ‘मुख्यमंत्री’ आणि अगदी वर, हात पुरेना म्हणून टाचा उचलून, ‘लोकसभा’. त्यापुढे प्रश्नचिन्ह. जिन्याच्या बाजूला नाव लिहिलं : वसंतराव नाईक.

पुस्तकातला धडा होता ‘नगरपालिकेची कामे’. दिवाबत्ती, पाणीपुरवठा, जन्ममृत्यूची नोंद. सर म्हणाले, “पाठ नका करू बाप्पा. एक माणूस धरा अन् त्याच्या मागं मागं चाला.”

माणूस धरायला लांब जायची गरज नव्हती. नाईकसाहेबांचं गाव गहुली आमच्या गावापासून सायकलच्या टप्प्यात. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणाऱ्या आमच्या वर्गमित्रांच्या घरी सेवालाल महाराजांच्या तसबिरीशेजारी नाईकसाहेबांचा फोटो असे, आणि मधल्या सुट्टीत तुरीची काडी तोंडात तिरपी धरून कुणी ना कुणी त्यांच्या पाइपची नक्कल करीच. पण हा माणूस एकेक पायरी चढला असेल, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आम्हाला वाटे, साहेब म्हणजे जन्मापासून साहेब.

सरांनी खालून सुरुवात केली. 1913 चा जन्म, नागपूरला कॉलेज, 1940 मध्ये वकिली पास. अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली उमेदवारी आणि मग पुसदला वकिली. 1946 ते 1952 पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष. इथं सर थांबले आणि त्या पायरीवर खडूनं सहा उभ्या रेघा मारल्या. “सहा वर्षं. नाल्या, नळ, कंदील. सहा वर्षं हा माणूस इथंच बसला होता.” पुढचं त्यांनी भराभर उरकलं : 1952 ला जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत, राजधानी तेव्हा नागपूर, तिथं महसूल खात्याचे उपमंत्री, 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा तिकडे मंत्री, आणि कन्नमवारांच्या निधनानंतर 5 डिसेंबर 1963 ला मुख्यमंत्री. फेब्रुवारी 1975 पर्यंत. अकरा वर्षांहून जास्त.

मग सरांनी अंगठा ओला केला, नगरपालिका आणि विधानसभा यांच्यामधली रेघ पुसली आणि तिथं एक पायरी घुसवली : ‘जिल्हा परिषद’. म्हणाले, “हे चढले तेव्हा ही पायरी नव्हती. ही त्यांनी मागाहून बांधली, मागच्यांसाठी.” पंचायत राज्याचा आराखडा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. 1961 ला अहवाल आला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सर म्हणाले, “अन् तुम्ही बसला आहात ती खोली त्याच पायरीची आहे.” आम्ही खोलीकडे पाहिलं. कवेलू, दोन खिडक्या, एकीला दार नाही. आपली शाळा जिल्हा परिषदेची, हे आम्हाला फक्त पाटीवरून माहीत होतं.

घरी हे सांगितलं तर काका खवळले. ते जांबुवंतराव धोट्यांचे, वेगळ्या विदर्भाचे. “अकरा वर्षं आपला माणूस मुख्यमंत्री, तरी वावराले पाणी नाही. काहून सांगत नाही तुझा मास्तर?” बाबा मात्र हायब्रीड ज्वारीवाले. 1965 च्या टंचाईत नाईकसाहेब पुण्याला शनिवारवाड्यासमोर म्हणाले होते की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. बाबांना ते वाक्य तोंडपाठ होतं. आजीचं मत तिसरंच : “फाशी नको अन् हायब्रीडही नको, त्याची भाकर गिळवत नाही.” दुसऱ्या दिवशी काकांचा प्रश्न मी सरांना विचारला. सरांनी तो टाळला नाही. अकोल्यात कृषी विद्यापीठासाठी केवढं आंदोलन झालं, त्यात माणसं गेली आणि मगच 1969 ला ते अकोल्याला मिळालं, हे त्यांनी सांगितलं. “पायरी चढणाऱ्याले खालून हाका माराव्या लागतात,” असंही म्हणाले. काका पुढे बरेच दिवस सरांना चहाला बोलवा म्हणत होते.

मार्चमध्ये लोकसभेचं मतदान आलं, आणि नाईकसाहेब आमच्याकडून उभे होते. आठवी ‘ब’ मतदान केंद्र झाली. शिपाईकाकांनी आम्हा चौघांना बाकं बाहेर काढायला आणि माठ भरायला बोलावलं होतं, म्हणून पुढचं मला पाहायला मिळालं. केंद्राध्यक्ष आले, लोखंडी पेटी टेबलावर ठेवली, लाख वितळवायला मेणबत्ती लावली आणि सहज फळ्याकडे वळले. उमेदवाराचं नाव, तेही हातभर अक्षरात! बिचाऱ्यांच्या कपाळावर घाम आला. “हे आधी पुसा!” शिपाईकाकांनी फडक्यानं नाव तेवढं पुसलं. जिना तसाच राहिला. केंद्राध्यक्षांनी क्षणभर विचार केला असावा की जिना कुठल्या पक्षाची निशाणी आहे का. नव्हती. काँग्रेसची गाय-वासरू होती आणि जनता पक्षाचा चक्रातला नांगरधारी शेतकरी. त्यांनी जिना राहू दिला.

आजी मत द्यायला आली ती पडद्याआडून मोठ्यानं ओरडली, “बाई, गाय कुठी हाय यात? मले नायकसाहेबाले द्याचं हाय!” केंद्राध्यक्षांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

दिवसभर माणसं आली, शाई लावून गेली आणि त्यांच्या पाठीमागे फळ्यावर तो बिननावाचा जिना. संध्याकाळी पेटीवर लाख ओतली तेव्हा वर्गात जो वास भरला, तो पुढे आठवडाभर गेला नाही.

देशभर काँग्रेस आडवी झाली. महाराष्ट्रात 48 पैकी 20 जागा आल्या, त्यात विदर्भाचा वाटा मोठा. वाशीम मतदारसंघातून नाईकसाहेब निवडून आले. वर्गात तांड्यावरच्या एका मित्रानं हात वर केला, “सर, मुख्यमंत्री होते, आता विरोधी बाकावरचे खासदार. मग हे चढले का उतरले?” आम्ही हसलो. सर हसले नाहीत. फळ्याकडे बघत म्हणाले, “तिथं जाऊन काय करतात ते पाहू, मग ठरवू.”

ते ठरलंच नाही. 18 ऑगस्ट 1979 ला सिंगापूरला नाईकसाहेब गेले, आणि चारच दिवसांनी ती लोकसभाही बरखास्त झाली. शाळेत शोकसभा झाली. पुढच्या निवडणुकीत वाशीमनं गुलाम नबी आझाद यांना, थेट जम्मूकडच्या माणसाला निवडून दिलं. त्यांच्यासाठी सरांना वेगळाच जिना काढावा लागला असता. मधली नवी पायरी मात्र घरातच कामी आली. पुतणे सुधाकरराव गहुलीचे सरपंच, मग यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आणि 1991 ला मुख्यमंत्री.

मी स्वतः पहिल्या पायरीवरच नोकरी केली. एका नगरपरिषदेत बाबू म्हणून लागलो, बाबू म्हणूनच निवृत्त झालो. जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टी, नळपट्टी. सरांच्या धड्यातला एकही शब्द वाया गेला नाही. अध्यक्ष बरेच पाहिले. खुर्चीवर बसल्या दिवसापासून आमदारकीचे बॅनर लावणारे जास्त. एक अध्यक्ष मात्र रोज सकाळी सातला पाण्याच्या टाकीवर जाऊन उभे राहत, व्हॉल्व्ह उघडेपर्यंत. त्यांना पुढं कोणी तिकीट दिलं नाही. त्यांची फाइल समोर आली की मी कोऱ्या कागदावर नकळत पेनानं उभ्या रेघा मारत असे.

मागच्या महिन्यात शाळेच्या महोत्सवाच्या बैठकीला गेलो. आठवी ‘ब’ आता संगणक कक्ष आहे. फळा काढून मागच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलाय, त्यावर पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांची धूळ. उडालेला कोपरा तसाच आहे. सर आता नाहीत. मी बोट ओलं करून डाव्या बाजूनं एक रेघ ओढून पाहिली, मग शिपाई आला आणि म्हणाला, “काका, तो भंगारात चालला, हात खराब होतील.”